जय मल्हारच्या खालच्या ओळी

४ ऑगस्ट, सोमवार

पुंजारामला मारलं. मीही मारलं. तीन लाथा – दोन बरगड्यांत, तिसरी कुठं बसली ते माहीत नाही. बूट अजून दारात आहेत, धुतलेले नाहीत.

क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दोन नंबरची भट्टी उडाली. मी कंप्युटरच्या खोलीत होतो. आधी काचा अंगावर आल्या, मग आवाज. आवाज आधीच झाला असणार, पण मला काचाच आधी आठवतात. पळत गेलो. पत्र्याच्या छताला भगदाड पडलं होतं आणि वितळलेलं लोखंड वरून थेंब थेंब गळत होतं. खाली तीन माणसं. दोघं ओरडत होती. तिसरा ओरडत नव्हता, तो माऊली.

माऊली माझा मामेभाऊ. सव्वीस वर्षांचा. वाटूरला मामाच्या मेंढरांमागं आम्ही दोघं हिंडलो. या सळयांच्या मिलमध्ये त्याला मीच चिकटवला, "मेंढरांमागं किती दिवस फिरशील" असं म्हणून. आज त्याचा शर्ट कुठला आणि कातडं कुठलं ते कळत नव्हतं. मनगटातल्या कड्यावरून ओळखला. कड्याला हात लावला तर माझी बोटं भाजली. संभाजीनगरला दवाखान्यात नेताना बदनापूरच्या पुढं त्याचा जीव गेला. साडेअकराला फोन आला.

भंगारात बंद सिलिंडर होता. बंद वस्तू भट्टीत पडली की ती बॉम्बसारखी फुटते, हे मिलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच यार्डात माणूस ठेवलाय. तो भंगार निवडतो आणि प्रत्येक खेपेला मोबाईलवरून चिठ्ठी पाठवतो. ती चिठ्ठी भट्टीसमोरच्या मोठ्या टीव्हीवर उमटते, आणि ती बघितल्याशिवाय क्रेनवाला माल भट्टीत सोडत नाही. ही सगळी व्यवस्था माझी. प्रोग्राम माझा. यार्डातला माणूस म्हणजे पुंजाराम.

आज टीव्हीवर काय होतं? ॥ जय मल्हार ॥. बस्स. रोज तेच असतं. पुंजारामच्या खेपेला जय मल्हार दिसलं म्हणजे माल बराबर, हे सगळ्या भट्टीला पाठ झालंय. स्फोटानंतरही टीव्ही चालू होता – काच तडकलेली, आत जय मल्हार. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कल्याण, माऊलीचा थोरला भाऊ, इथंच सळया काढायच्या विभागात असतो. फोन आला तसा तो उठला. पुंजारामला यार्डातल्या खोलीतून केसाला धरून ओढत आणलं. पन्नाशीचा माणूस, पायातली चप्पल मागंच राहिली. आम्ही वीस-पंचवीस जण असू. कल्याणच्या हातात आमच्याच मिलची बारा एमएमची सळई. पुंजाराम सारखा म्हणत होता, "लिहिलं व्हतं. देवाची आन, लिहिलं व्हतं. साहेबाला इचारा." मला वाटलं, साहेबांनी सोडवावं म्हणून गयावया करतोय. मोबाईल वर धरला होता त्यानं, सगळ्यांना दिसावा म्हणून. मी त्या हातावर फटका मारला. मोबाईल पडला, त्याच्यावर टाच दिली. मग पुंजारामवर. तेवढ्यात कल्याणची सळई जबड्यावर बसली आणि त्यानंतर पुंजाराम काही बोलला नाही.

लिहिलं होतं म्हणे!

वाईट वाटत नाही. लाथ बसली तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

५ ऑगस्ट, मंगळवार

वाटूर. चितेला अग्नी देताना मामी पुढं आली आणि म्हणाली, "जळून आलंय माझं लेकरू. आता आजून काय जाळता?" तिला बायकांनी मागं नेलं.

दीपमाला, माऊलीची बायको, भिंतीला टेकून बसली होती. लग्नाला चौदा महिने झालेत. तिच्याकडं बघवलं नाही. कल्याणचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलाय. मारून मारून सुजलाय. लोक त्या हाताकडं आदरानं बघत होते.

६ ऑगस्ट, बुधवार

पोलीस आले. पुंजारामला कुणी मारलं? "गर्दी व्हती साहेब, काय दिसतंय." प्रत्येकानं हेच सांगितलं. मीही. पुंजाराम सरकारी दवाखान्यात आहे. जबडा दोन ठिकाणी, उजवा पाय, चार बरगड्या. चारातल्या दोन माझ्या असणार.

दुपारी मॅनेजरनी बोलावलं, बद्रीनाथ साहेब. सूचना लावायची होती – प्रत्येक टीव्हीवर आणि सगळ्यांच्या मोबाईलवर. साहेब येरझाऱ्या घालत सांगत गेले, मी उभ्याउभ्याच टाईप करत गेलो. अकरा ओळी झाल्या.

प्रोग्राममध्ये मजकूर ठेवायला एक नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं, सूचना. मजकूर लांब असला, चार-दहा ओळींचा, की सुरुवातीला तीन अवतरणचिन्हं द्यायची आणि शेवटी तीन. मधे जे लिहाल ते जसंच्या तसं राहतं. ओळ जिथं संपली तिथंच संपते, मोकळी जागा ठेवली तर तीही राहते. क्लासमध्ये पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला याचंच कौतुक वाटलं होतं – अख्खं पत्र एका नावात मावतं! नुसतं नाव घेतलं की पत्र हजर.

सातवी ओळ: "सदर अपघात भंगार निवडणारे कामगार पुंजाराम यांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे घडला असून". साहेबांनी 'अक्षम्य' नंतर घालायला लावलं. अकराच्या अकरा ओळी टीव्हीवर नीट येतात का ते मी दोनदा चालवून बघितलं. आल्या. एक अक्षर तुटलं नाही.

साहेब म्हणाले, "काम चोख असतं तुझं."

७ ऑगस्ट, गुरुवार

हे कसं लिहू.

पोलिसांना सोमवारच्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी हवी होती. यादी काढली. प्रत्येक चिठ्ठीपुढं वेळ, नाव, मजकूर आणि शेवटच्या रकान्यात किती अक्षरं आली तो आकडा. तो रकाना मी कधी बघत नाही. आज बघितला. पुंजाराम, दहा वाजून चार मिनिटं. मजकूर: ॥ जय मल्हार ॥. अक्षरं: तीनशे बासष्ट.

जय मल्हारची तेरा होतात. काना, जोडाक्षराची खूण, मोकळ्या जागा, दोन्हीकडच्या रेघा, सगळं धरून तेरा. मी बोटं ठेवून मोजली. बाकीची साडेतीनशे कुठं गेली?

मागचे दिवस काढले. जय मल्हार, एकतीस. जय मल्हार, अठ्ठावीस. जय मल्हार, चौतीस. आठ महिने, रोज.

मग कळलं. डिसेंबरात टीव्ही लावला तेव्हा साहेब म्हणाले होते, लांबून दिसलं पाहिजे, एकच ओळ, मोठी अक्षरं. मी त्यासाठी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. आलेला मजकूर ओळीओळीनं तोड, पहिली ओळ ठेव, बाकीच्या टाकून दे. टाकून दे! नुसतं 'दाखवू नको' केलं असतं तरी चाललं असतं. मी कापलं आणि कापलेलंच साठवलं. अक्षरं मात्र कापायच्या आधी मोजली होती, म्हणून आकडा उरला. तपासताना मीच चिठ्ठ्या पाठवल्या होत्या – 'माल ठीक', 'ओला माल, थांबा'. सगळ्या एका ओळीच्या. बाकी पाळ्यांची पोरंही एकाच ओळीत लिहितात.

पुंजाराम तसा लिहीत नाही. त्याच्या वयाचं कुणीच लिहीत नाही. माझा बाप किराणा सामानाच्या यादीवरसुद्धा आधी जय मल्हार लिहितो, मग खाली साखर, चहापत्ती. देव वर, मजकूर खाली. आठ महिने पुंजाराम देवाच्या खाली काहीतरी लिहीत होता आणि आठ महिने मी ते फेकून देत होतो. आणि वरचं देवाचं नाव बघून आम्ही माल भट्टीत सोडत होतो.

सोमवारी साडेतीनशे अक्षरं लिहिली त्यानं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. पण कशाबद्दल होतं ते कळायला अक्कल लागत नाही.

भिंतीवर हात मारला. परत मारला. करंगळी वाकडी झाली तेव्हा थांबलो. डावा हात होता म्हणून लिहिता येतंय.

माऊलीला मी मारलं. आणि ज्यानं त्याला वाचवायला लिहिलं त्यालाही मीच.

अक्षरांचा रकाना काढून टाकला आणि यादी पोलिसांना दिली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कुणाला सांगितलं नाही. दोन्ही वेळा पोटभर जेवलो.

९ ऑगस्ट, शनिवार

बहीण राखी बांधायला आली होती. करंगळी बघून म्हणाली, "हे काय रे?" म्हटलं, दारात सापडली.

१० ऑगस्ट, रविवार

वाटूरला गेलो. कल्याण ओसरीत बसला होता, सळई खाटेशेजारी भिंतीला उभी. ती यार्डातून इथवर घेऊन आलाय. पुसलेली नाही.

म्हणाला, "पाय मोडला, जबडा मोडला. जीव हाये आजून. दवाखान्यातून आज ना उद्या सोडतीलच की त्याला."

मी म्हटलं, "कल्याण, पोलीस..."

"तू लाथा घालत व्हता तव्हा कुठं गेल्ते पोलीस?"

ओसरीतले सगळे माझ्याकडं बघत होते. त्यांना ते आवडलं होतं, माझं लाथा घालणं. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला. सांगायचं होतं मला, ओठावर आलं होतं. पण माझी नजर सारखी त्या सळईकडं जात होती. ती जबड्यावर बसल्यावर कसा आवाज येतो ते मी अगदी जवळून ऐकलंय. मी भित्रा आहे, दुसरं काय. पडलेल्या माणसाला लाथ घालायला हिंमत लागत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

बद्रीनाथ साहेबांना सांगितलं.

"सर, प्रोग्राममध्ये चूक होती. पुंजारामनं मोठं लिहिलं होतं. टीव्हीवर फक्त पहिली ओळ आली."

ते उठले, दार लावलं, परत बसले. "किती जणांना सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"त्यानं लिहिलेला मजकूर कुठं आहे?"

"राहिला नाही सर. कापला गेला. फक्त अक्षरांचा आकडा आहे."

साहेब खुर्चीत मागं टेकले. पाणी प्यायले. मग मला बस म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो. म्हणाले, "नोकरी जाईल, केस होईल, ते सगळं सोड. कल्याणला कळलं तर तो तुला पोलीस ठाण्यापर्यंत जिवंत जाऊ देईल का? त्याचा भाऊ तुझ्या एका ओळीनं गेला. तू आकडे पूस. प्रोग्राम नीट कर. मी काही ऐकलं नाही."

उठताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मला रडू फुटलं. त्या वेळी तो माणूस मला देवासारखा वाटला.

प्रोग्राम नीट केला. एक ओळ काढली, चार सेकंद लागले. आता कितीही ओळींचा मजकूर येऊ दे, एका नावात अख्खा राहतो.

आकडे पुसले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन नंबरची भट्टी पुन्हा पेटवली. नारळ फोडला, नवा टीव्ही लावला. माऊलीच्या जागी दुसरा माणूस उभा आहे. त्याच्या पायाखालचं सिमेंट अजून काळं आहे. यार्डातून पहिली चिठ्ठी आली, 'माल ठीक'. क्रेन हलली तेव्हा मी बाहेर जाऊन ओकलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

माऊलीचा दहावा. ओढ्याच्या काठावर पिंड ठेवला. समोर बाभळीवर सहा-सात कावळे, एकही खाली येईना. अर्धा तास झाला. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून बोलायला लागला. मामा म्हणाला, "दीपमालाला पोरीसारखं सांभाळू." कावळा हलला नाही. मामी काहीतरी पुटपुटली, ऐकू आलं नाही. कुणीतरी मला पुढं ढकललं.

मी हात जोडले. मनातच म्हटलं, माऊली, सांगतो. सगळ्यांना सांगतो. एका कावळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. त्याचंही बरोबर आहे. माझ्या शब्दावर मी तरी कुठं विश्वास ठेवला असता.

मग कल्याण पुढं आला. मोठ्यानं म्हणाला, "तेरावा होऊ दे. रविवारी सकाळी पुंजारामला संपवतो. दवाखान्यात तर दवाखान्यात."

कावळा खाली आला. एक, मग दुसरा. पिंड फोडला.

सगळ्यांनी हात जोडले. रडारड झाली. म्हातारा रखमाजी, ज्यानं आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही, तोही म्हणाला, "आता त्या लेकराचीच इच्छा हाये. कोण आडवणार?" म्हणजे कल्याणला आता गावातलं कुणी थांबवणार नाही. कल्याणलाही कल्याण थांबवू शकत नाही. रविवारला चार दिवस आहेत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दवाखान्यात गेलो. कशाला गेलो ते माहीत नव्हतं. बसमध्ये बसताना वाटलं, पुंजारामला गुपचूप दुसरीकडं हलवता येईल. तिथं गेल्यावर कळलं, मोडलेल्या पायाला वजन लावून कॉटला बांधलंय. हलवायचा प्रश्नच नाही.

नंदाबाई, त्याची बायको, कॉटजवळ खाली बसली होती. मला कंपनीनं चौकशीला पाठवलेला माणूस समजली. पदरानं स्टूल पुसलं. "बसा साहेब. कुणीतरी आलं म्हणायचं." दोघं आधी अंकुशनगरकडं ऊस तोडायला असायचे. कोयता सोडून भंगारात आले, कारण इथं बसायला सावली आहे. हे तिनं स्वतःहून सांगितलं. माझी चौकशी केली. जेवले का, घरी कोण असतं. मला वाटलं, हिनं मला एक थोबाडीत मारावी. ती चहा आणायला उठली, मी हात धरून थांबवलं.

पुंजारामचा जबडा तारांनी बांधलाय. एक डोळा उघडतो. त्यानं मला ओळखलं. ओळखल्यावर त्यानं दोन्ही हात उचलून डोक्यावर घेतले, मार चुकवायला घेतात तसे. नंदाबाई म्हणाली, "नमस्कार करून राह्यलेत तुम्हाला."

मी काय करावं? मीही नमस्कार केला.

निघताना तिनं पिशवीतून रुमाल काढला. रुमालात मोबाईल. "सारखं याच्याकडंच बोट दाखवतेत. पोलिसांनी बी पाह्यला, चालूच होत न्हाई म्हणून वापस देला. तुम्ही कंपनीतले, बघा बरं काही होतं का."

पाठवलेली चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये राहते. ती सोय मीच केली होती. सात दिवस मला हे आठवलं नाही. की मी आठवू दिलं नाही?

आता हिशोब सरळ आहे. मोबाईल चालू झाला तर पुंजारामनं सांगितलं होतं हे कल्याणला दाखवता येईल, आणि पुंजाराम वाचेल. मग कल्याण विचारेल, तर मग टीव्हीवर का नाही आलं? मोबाईल चालू झाला नाही तर मी वाचेन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. बद्रीनाथ साहेब सुरक्षेवर बोलले. माऊलीसाठी दोन मिनिटं शांतता. दोन्ही मिनिटं फुटका मोबाईल माझ्या मांडीला टोचत होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद.

परतताना भट्टीवरून गेलो. वाकून मोबाईल नुसता हातातून सोडला असता तर झालं होतं. दोन पावलं पुढंही गेलो. नव्या माणसानं विचारलं, काय पाहिजे? म्हटलं, काही नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

बस स्टँडसमोरच्या दुकानदारानं काच बदलली, बॅटरी बदलली. म्हणाला, "कशाखाली आल्ता? ट्रॅक्टरखाली?" अकरा वाजता मोबाईल चालू झाला. दुकानासमोरच्या कठड्यावर बसून वाचलं. इथं जसंच्या तसं उतरवतो, ओळीला ओळ.

॥ जय मल्हार ॥
या खेपेत दोन बंद शिलेंडर हायेत. मी बाजूला काढले व्हते क्रेनवाल्यानं परत उचलले.
माल भट्टीत टाकू नका.
बद्रीनाथ साहेबाला फोन केला. ते म्हणले माल थांबवायचा न्हाई वरून आर्डर हाय.
मला यार्ड सोडता येत न्हाई म्हणून लिहून राह्यलो.
रामेश्वरभाऊ तुम्हाला दोनदा सांगितलं माझी पैली ओळच दिसती. हे तरी पुरं दाखवा.
माऊलीला मागं सरकायला सांगा.

तर साहेबांना माहीत होतं! माल भट्टीत जायच्या आधी माहीत होतं. "साहेबाला इचारा" असं पुंजाराम म्हणत होता तो याचसाठी. आणि मजकूर राहिला नाही म्हटल्यावर साहेब खुर्चीत मागं टेकले ते याचसाठी. मला म्हणाले, तुझ्या एका ओळीनं गेला! मी त्यांच्यासमोर रडलो. हात खांद्यावर ठेवला होता त्यांनी, तो खांदा कापून टाकावासा वाटतो.

आणि दोनदा सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. एकदा होळीच्या आधी आणि एकदा गेटवर. त्यानं मोबाईल पुढं केला होता, "रामेश्वरभाऊ, खालचं दिसत न्हाई तिथं." मी म्हटलं होतं, "काका, मशीन बराबर आहे, तुम्ही बटण नीट दाबा." गेटवरचे दोघं-तिघं हसले होते. मला तेही आवडलं होतं. हे मला सात तारखेलाच आठवलं होतं. या वहीतसुद्धा लिहिलं नाही. वही कोण वाचणार आहे? तरी लिहिलं नाही.

आता वाटूरला निघतो. तेराव्याची पंगत आहे, सगळे तिथंच असतील. मोबाईल खिशात आहे. सगळ्यांसमोर उभा राहून वाचणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. रामेश्वरभाऊ म्हणजे कोण तेही सांगणार. मारतील तर मारू देत. लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी सहा

दाखवलं. कल्याणला एकट्यालाच, गोठ्यामागं. मोबाईल मीच धरला होता. वरचा भाग डाव्या अंगठ्यानं झाकला, खालचा उजव्या. मधे साहेबांच्या फोनची ओळ. ती त्यानं दोनदा वाचली. पुंजारामचं नाव सोडलं त्यानं. आज साहेबांकडं जायचं. साहेब सातला एकटे फिरायला निघतात, बंगला मला माहीत आहे, गाडी मी चालवणार.

काल उठताना त्यानं विचारलं, "खाली आजून काय लिव्हलंय?"

म्हटलं, "काही नाही. तेवढंच आहे."